सातव्या फोटोतला मोगरा

पुणे, १६ जानेवारी

वहिनी,

पत्राचा मायना काय लिहायचा ते मला अजून येत नाही. शाळेत सिस्टरांनी ‘डिअर’ शिकवलं, आणि तुम्हाला डिअर म्हटलं तर तुम्ही आठ दिवस हसत बसाल. तेव्हा नुसतंच वहिनी. तिळगूळ घ्या. गोड बोलण्याची अपेक्षा मात्र ठेवू नका, सत्तरी ओलांडल्यावर ते जमणार नाही.

फोन करत नाही म्हणून रागावू नका. तुमचा मुलगा फोन स्पीकरवर ठेवतो. मी विचारते कशा आहात, तुम्ही म्हणता बरी आहे, आणि मागून विक्रम ओरडतो, “आई एकदम मस्त आहे आत्या!” संपलं. ‘महिनाभर, तपासणीसाठी’ म्हणून डिसेंबरच्या सुरुवातीला गेलात. कसली तपासणी, तर म्हणे वयाची. वयाची तपासणी करायला बंगळुरूला कशाला जायला हवं? माझ्या आरशात रोज फुकट होते.

इकडची खबर. फाटकावरची संक्रांतवेल अशी फुलली आहे की खालचं फाटक सापडत नाही. नारिंगी नुसती. त्यामुळे सकाळी फिरायला जाणारी सभ्य मंडळी आकडीची काठी घेऊन येतात आणि देवासाठी फुलं ओरबाडतात. परवा एका निवृत्त न्यायाधीशासारख्या दिसणाऱ्या गृहस्थाला रंगेहाथ पकडलं. “अहो, देवाला वाहायची आहेत,” म्हणाला. मी विचारलं, “देवाने मागितली का?” तर म्हणतो, “आधीच्या बाई कधी काही बोलत नसत.” आधीच्या बाई म्हणजे तुम्ही. तुम्हीच लाडावून ठेवलंय गावाला. मी आता फाटकावर पाटी लावली आहे: ‘फुले देवाची आहेत हे मान्य. देवाने स्वतः येऊन न्यावीत.’

तुम्ही गेल्यावर मी पंधरा दिवस गॅलरीतूनच बाग बघत होते. तुम्ही खाली, मी वर, एवढी वर्षं तेच तर चाललं होतं. पण मग राहवेना. मैना तुम्ही सांगितल्याप्रमाणे कुंड्यांना पाणी घालते, पण तिचं लक्ष मोबाईलमध्ये. म्हणून आता मी रोज खाली उतरते. फोटो स्टुडिओत जाऊन धुऊन आणलेत, बारा आहेत, मागे नंबर घातलेत. पिटुनिया, फ्लॉक्स, डॉग फ्लॉवर, सगळे आहेत. सातवा फोटो नीट बघा. तुमचा मोगरा. त्याबद्दल मी मुद्दाम एक अक्षर लिहीत नाही. फोटोच बोलेल.

शेफाली सूनबाईला आशीर्वाद. तिने बाल्कनीत प्लास्टिकचं बांबूचं झाड ठेवलंय असं तुम्ही म्हणाला होतात. त्याला पाणी कमी लागत असेल.

कधी येताय?

तनुजा

*

बंगळुरू, २६ जानेवारी

प्रिय वन्सं,

तुमचं पत्र आलं. दोनदा ऐकलं. तुम्ही लिहिता ते ऐकूच येतं, इतका तुमचा आवाज आहे त्यात. देवाने स्वतः येऊन न्यावीत, हे ऐकून मी इतकी हसले की ठसका लागला. पण वन्सं, ते न्यायाधीश नाहीत, ते पोस्टात होते. त्यांची बायको अंथरुणाला आहे. त्यांना पाच फुलं न्यायला काही बोलू नका.

फोटो बघितले. सगळेच छान आले आहेत. सातवा पण बघितला. मोगरा असायला हवा तसाच आहे. असाच राहू द्या.

इथे अकराव्या मजल्यावर आहोत. माती बघायची तर लिफ्टने खाली जावं लागतं आणि तिथेही फरशीच. विक्रम रोज दारावरून फुलांची माळ आणतो. इथे मोगऱ्याला मल्लिगे म्हणतात, हातावर मोजून देतात. वास तोच आहे. मग मला काय हवंय ते मलाच सांगता येत नाही.

तुम्ही रंग छान लिहिलेत. वासाचं पण लिहा ना. कुंदाला वास येतोय का? संध्याकाळी पायरीवर बसलं की आधी कशाचा वास येतो, मग कशाचा, ते लिहा. पानगळ सुरू झाली का? बदामाची पानं पायाखाली वाजतात का?

मला चैत्रात यायचंय. मोगऱ्याच्या दिवसांत घरी असायचंय एवढंच मागितलंय मी विक्रमकडे. तो बघू म्हणाला आहे. तुम्ही पत्रात त्याच्याबद्दल आणि शेफालीबद्दल जरा जपून लिहीत जा.

तुमची,
कौशल्या

*

पुणे, ४ फेब्रुवारी

वहिनी,

तुमचं पत्र आलं की मुंग्यांची वरात आली, हे ठरवायला मला अर्धा तास लागला. ओळी डावीकडून निघतात आणि उजवीकडे पोचेपर्यंत डोंगर चढतात. एका ठिकाणी तर दोन ओळी एकमेकींच्या उरावर बसल्या आहेत. मोगरा की मांजर ते भिंग लावून ठरवलं. गादीवर पडून लिहिता ना? आमच्या सिस्टरांनी पट्टी मारली असती. टेबलाशी बसून लिहीत जा.

आणि जपून लिहीत जा म्हणजे काय? तुमची पत्रं फोडतात का तिथे? फोडत असतील तर पुढचं वाक्य त्यांच्यासाठी: दुसऱ्याचं पत्र वाचणं हे दुसऱ्याच्या ताटातलं खाण्यासारखं आहे, आणि ते करायचंच असेल तर निदान तोंड पुसून मग बाहेर यावं.

आता माझं भांडण. मी गुडघ्यांना तेल चोळून रोज दोनदा जिना उतरते, बारा फोटो काढते, स्टुडिओतल्या मुलाशी वाद घालून पुन्हा धुऊन घेते, आणि तुम्ही लिहिता काय, तर ‘असायला हवा तसाच आहे’. बस्स? मला वाटलं होतं सातवा फोटो बघून तुम्ही निदान एक आरोळी ठोकाल. हडपसरच्या मळ्यात वाढलेल्या माणसांना कौतुक करता येत नाही हे दादा म्हणायचा, ते खरं होतं. असो. असाच राहू द्या म्हणालात, तसाच ठेवला आहे. हयगय नाही.

वासाचं विचारता. काल तुमच्यासाठी म्हणून पायरीवर जाऊन बसले. लोकांनी बघितलं असेल तर बघितलं. पहिला वास आला समोरच्यांच्या लसणाच्या फोडणीचा. मग पलीकडे कोणीतरी वाळकी पानं जाळत होतं, त्याचा. मग ओल्या मातीचा. कुंद भरपूर फुललाय, पांढराशुभ्र, पण नाक अगदी लावलं तर वास, नाहीतर नाही. बदामाची पानं अजून झाडावर आहेत, निम्मी लाल झाली आहेत. लाल म्हणजे पार मटणाच्या दुकानासारखी. पडली की वाजतात का ते कळवीन. हे असले प्रश्न तुम्ही पूर्वी कधी विचारत नव्हतात.

चैत्राचं बघू म्हणे! स्वतःच्या घरी यायला परवानगी? घर तुमच्या नावावर आहे. विक्रमला सांगा, आत्याने विचारलंय, बघू म्हणजे कधी बघणार?

तनुजा

*

बंगळुरू, १२ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

विक्रम हो म्हणाला! पाडव्याला आणून सोडतो, पंधरा दिवस रजा काढून तोही राहतो. पुढचं पुढे. आधी म्हणाला, “तिथे दिवसभर करणार काय तू?” मी म्हटलं, मोगरा तोडीन. तो म्हणाला, “बरं, तिकीट काढतो.” मला रात्री झोप आली नाही.

तुमच्यावर सगळं टाकलं आहे म्हणून आता नीट सांगते. मोगऱ्याची वेळ झाली. आतापर्यंत तुम्ही त्याला उपाशी ठेवलंत, मी ठेवते तसंच, फार बरं केलंत. आता उरलीसुरली पानं ओरबाडून काढा, काड्या वीतभर छाटा, बुडाशी माती हलवा, एकेक घमेलं शेणखत घाला आणि मग पाणी सुरू करा. पहिलं पाणी अगदी पोटभर. उपाशी माणसाला जेवायला वाढावं तसं. पाडव्यापर्यंत कळ्या धरतील.

मी तुम्हाला जाताना काही सांगितलं नव्हतं. तुम्ही बागेत कधी उतरत नाही म्हणून मैनालाच बजावून आले होते. तुम्ही फोटो पाठवलात तेव्हा जीव भांड्यात पडला.

बदामाची पानं वाजायला लागली का?

तुमची,
कौशल्या

(ओळी सरळ यायला खाली पट्टी धरली होती. जमलंय का?)

*

पुणे, १८ फेब्रुवारी

वहिनी,

पट्टी जमलेली नाही. पण ते जाऊ द्या.

‘उपाशी ठेवलंत’ म्हणजे काय? कोणाला? तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि दर वेळी आणखी कमी कळलं.

तुम्ही गेलात तेव्हा तो मोगऱ्याचा ताटवा म्हणजे नुसत्या काटक्या होत्या. माती भेगाळलेली, पानं पिवळी पडून गळत होती. मी मैनाला विचारलं, याला पाणी का नाही? “त्याला घालायचं न्हाई,” म्हणाली. का? “ते मला काय माहीत.” ज्या माणसाला कारण माहीत नाही त्याचं मी कधी ऐकलेलं नाही, ऑफिसातही नाही. मी झारी घेतली. आमच्या शाळेत प्रत्येक मुलीला एक वाफा नेमून दिलेला असायचा, आणि वाफा कोरडा सापडला तर त्या मुलीला संध्याकाळच्या प्रार्थनेत सगळ्यांपुढे उभं करत. झाडाला तहानलेलं ठेवणं याच्यापेक्षा मोठं पाप मला शिकवलेलं नाही. तेव्हा डिसेंबरपासून रोज, सकाळ-संध्याकाळ, मी मोगऱ्याला पाणी घातलंय. गुरुवारी नळाला पाणी नसतं, त्या दिवशी माझ्या आंघोळीचं पाणी बादलीने जिन्यावरून खाली आणून घातलंय. घाबरू नका, साबण लावायच्या आधीचं. शेंगदाण्याची पेंड भिजवून घातली आहे. आणि तो कसा उठलाय म्हणून सांगू! कंबरेएवढा. हिरवागार, तकतकीत, बोटाएवढाली पानं, आत हात घातला तर माती लागत नाही. काड्या दिसतच नाहीत. म्हणून तर सातवा फोटो. मला तुम्हाला चकित करायचं होतं.

त्या फोटोत हे सगळं आहे. पान न् पान. आणि तुम्ही लिहिलंत, बघितला, असायला हवा तसाच आहे, असाच राहू द्या.

वहिनी, तुम्ही काय बघितलंत?

तनुजा

*

बंगळुरू, २५ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

हे शेफालीच्या हातचं अक्षर आहे. मी सांगते आणि ती लिहिते. आता लपवून काही उपयोग नाही.

मी काही बघितलं नाही. मला दिसत नाही, वन्सं. काचबिंदू. डावा डोळा पार गेला, उजव्यात नळीतून बघितल्यासारखं एवढंसं उरलंय, तेही उजेड असेल तर. गेलेलं परत येत नाही असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. उरलेलं टिकवायला थेंब घालतात.

दिवाळीत मी तुळशीची कुंडी लाथाडली तेव्हा तुम्ही वरून ओरडलात, “वहिनी, डोळे आहेत की बटणं?” बटणंच होती. पण मला हसू आलं होतं हो, खरंच. म्हणून तर तुम्हाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही मला पुन्हा कधी तसं ओरडला नसतात. इथे सगळे हळू बोलतात माझ्याशी.

तुमची पत्रं शेफाली वाचून दाखवते. फोडून नाही, मीच देते तिच्या हातात. (आत्या, शेफाली लिहितेय. प्लास्टिकचा बांबू आणि तोंड पुसून बाहेर यावं, दोन्ही मीच मोठ्याने वाचलं. आई म्हणाल्या पुन्हा वाच. बांबू मी आता फेकून दिलाय.)

सातव्या फोटोचं मी तिला विचारलं होतं, मोगरा कसा दिसतोय? ती म्हणाली, छान आहे. मी समजले काटक्या आहेत, माझ्या मनात तेच छान. तिच्या मनात छान म्हणजे हिरवं. तिची चूक नाही. मी विचारायला हवं होतं, पानं आहेत का. पण इतकं खोदून विचारलं असतं तर तुमच्यापर्यंत गेलं असतं, कौशल्या फोटो दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघते म्हणून.

मोगऱ्याला थंडीत ताण द्यावा लागतो. माझ्या वडिलांकडे अर्धा एकर होता. दिवाळीनंतर पाणी तोडायचे ते तोडायचे. आई म्हणायची, बघवत नाही. वडील म्हणायचे, मग तिकडे बघू नको. तहानेने झाड घाबरतं, मग जीव एकवटून फुलतं. पाणी मिळत राहिलं तर त्याला फुलायचं कारणच उरत नाही, ते पाला काढत बसतं. मी नीट सांगून यायला हवं होतं.

मला चैत्रात का यायचं होतं ते सांगते. मोगऱ्याची कळी तोडायला डोळे लागत नाहीत. दुसऱ्या दिवशी उमलायची कळी बोटाला कळते, ती फुगीर आणि गार असते, कच्ची टणक लागते. मी गेली दोन वर्षं तशीच तोडत होते, तुम्हाला वरून कळलंसुद्धा नाही. इथे मला भाजी निवडू देत नाहीत, अळी राहील म्हणून. चहा करू देत नाहीत. घरी एक काम होतं जे मला अजून येत होतं.

आता पाणी बंद करा. पानं काढून टाका. बघू.

तुमची,
कौशल्या

*

पुणे, ४ मार्च

वहिनी,

पहिल्यांदा विक्रमला फोन केला. स्पीकर बंद करायला लावला.

“मला का नाही सांगितलंस?”

“आईने शपथ घातली होती, आत्या.”

“शपथा कसल्या घालता, तुम्ही काय नाटकात आहात? तिला इथे आण. कायमची. मी आहे.”

“आत्या, तुम्ही वर राहता.”

“मग खाली राहायला येते.”

“तुमचे गुडघे?”

“माझे गुडघे माझे आहेत. तू त्यांची काळजी करू नकोस.”

मग म्हणाला, “तीन प्रकारचे ड्रॉप्स आहेत, वेगवेगळ्या वेळांना. दोन बाटल्या अगदी सेम दिसतात. त्यावरची लेबलं तुम्हाला वाचता येतील?”

“न यायला काय झालं? मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेय.”

“बरं,” म्हणाला. उद्धटपणे नाही. तो उद्धटपणे बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. फोन ठेवल्यावर माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट घेतलं आणि वाचायला बसले. नाव कळलं. बाकी काही कळलं नाही. चष्मा पुसून पाहिलं. भिंग आणलं. मग पाकीट ठेवून दिलं. इतके दिवस मी गोळी रंगावरून घेतेय, हे मलाही तेव्हाच समजलं.



मोगऱ्याची पानं काढली. दोन दिवस लागले. मैना म्हणाली, “मी करते ना, बाई.” मी म्हटलं हात लावायचा नाही. चांगली हिरवी, रसरशीत पानं, एकेक ओरबाडायची. चार पोती भरली. फाटकाशी पोती ठेवली तर तुमचे ते पोस्टातले गृहस्थ थांबले, म्हणाले, “चांगल्या झाडाची ही काय दशा केलीत?” मी त्यांना फुलं घेऊन जा म्हटलं.

पाणी बंद आहे. संध्याकाळी उन्हं उतरली की माझा हात आपोआप झारीकडे जातो. झारी मैनाच्या खोलीत ठेवायला लावली आहे.

बदामाची पानं आता सगळी खाली आहेत. वाजतात. चालायला लागलं की पापड मोडल्यासारखी. एकाच रात्रीत निम्मं झाड उघडं झालं. कुठलं पान कसं पडलं ते मी या खेपेला लिहून पाठवू शकते, हवं तर. फोटो पाठवत नाही.

तनुजा

*

बंगळुरू, १३ मार्च

प्रिय वन्सं,

लिहा. पापडाचं फार आवडलं.

होळी आली. विक्रम तिकीट पक्कं करायचं म्हणतोय, पण त्याच्या ऑफिसात काहीतरी मोठं चाललंय, रजा मागायला त्याला जड जातंय हे मला त्याच्या आवाजावरून कळतं. त्यात आठवड्याआड दाखवायला जावं लागतं, त्यातलं एक चुकणार. मी नको म्हटलं तर तो सुटेल. हो म्हटलं तर तो आणेल, तोंडातून शब्द काढणार नाही.

म्हणून तुम्हाला विचारते. कळी असेल, थोडी का होईना, तर मी येईन आणि कोणाचं ऐकणार नाही. नसेल तर त्यांची ओढाताण करून मी तिथे पायरीवर बसून काय करू? जशी इथे बसते तशी तिथे.

पाडव्याच्या आधी लिहा. आणि खरं लिहा. विक्रम म्हणतो छान होईल. शेफाली म्हणते छान होईल. डॉक्टर मराठी नाहीत तरी शिकलेत, छान म्हणतात. मला एका माणसाने तरी खरं सांगायला हवं, आणि तसं माणूस माझ्याकडे एकच आहे.

(शेफाली: आत्या, हे लिहिताना मला कसंतरी झालं. पण आई म्हणाल्या जसंच्या तसं लिही.)

तुमची,
कौशल्या

*

पुणे, २२ मार्च

वहिनी,

हे पत्र मी चार दिवस लिहितेय.

पहिल्यांदा मी लिहिलं होतं की कळ्या धरल्या आहेत. अगदी छान लिहिलं होतं, शेंड्याशेंड्याला तीन-तीन, तांदळाच्या दाण्याएवढ्या. तुम्ही आला असतात. आल्यावर कळलं असतं, पण आला असतात. विक्रमचे पंधरा दिवस संपल्यावर त्याच्याशी भांडून मी तुम्हाला ठेवून घेतलं असतं. पाकिटात घातलं, पत्ता लिहिला, पोस्टाच्या पेटीपर्यंत गेले. पेटीचं तोंड बुजवलेलं निघालं. आजकाल एकही पेटी धड नाही या शहरात. चिडून परत आले, आणि परत येईपर्यंत मला तुमची बोटं दिसायला लागली. पहिल्याच संध्याकाळी तुम्ही ताटव्यापाशी उकिडव्या बसाल, शेंडे चाचपाल, एक, दुसरा, तिसरा. आणि मला काही बोलणार नाही. तुम्ही बोलणारच नाही, मला माहीत आहे. पत्र फाडलं.

तर खरं असं: एकही कळी नाही.

पानं काढून काड्या छाटल्यावर दहा दिवसांनी फूट आली. मला वाटलं हीच. भिंग घेऊन रोज बघत होते. पण सगळी पालवी निघाली. कोवळी, पोपटी, चकचकीत. दुसऱ्या कोणाला दाखवली तर म्हणेल, किती सुंदर. माझ्या डोळ्यांसमोर वाढतेय आणि मला तिचं काहीही करता येत नाही. पाणी घातलं तर आणखी वाढेल. नाही घातलं तर या उन्हात मरेल.  मेमध्ये चुकूनमाकून एखादं फूल येईल असं नर्सरीवाला म्हणाला. त्याच्यावर विसंबून मी तुम्हाला बोलावणार नाही.

संक्रांतवेल संपली. पिटुनिया वाळले. डॉग फ्लॉवरच्या काड्या उपटल्या. बदामाला नवी पानं आली आहेत, तीही हिरवीच.

या असं म्हणायला मला तोंड नाही. नका येऊ असंही म्हणवत नाही.

तनुजा

*

बंगळुरू, २८ मार्च

प्रिय वन्सं,

‘एकही कळी नाही’ तिथे शेफाली थांबली. म्हणाली, आई, पुढचं उद्या वाचू. मी म्हटलं, आत्ताच वाच.

विक्रमला सांगितलं, या वर्षी नको. तो म्हणाला, “नक्की ना? माझ्यासाठी नाही ना?” मी म्हटलं, मोगऱ्यासाठी. त्याला ते पटलं, किंवा पटल्यासारखं केलं त्याने.

पाणी घाला आता. मरू देऊ नका. दिवसाआड, बुडाशी.

पुढच्या दिवाळीनंतर पाणी तोडायचं आहे. तेव्हा मला उजव्याने किती दिसेल ते डॉक्टरही सांगत नाहीत. पण कळ्या मी बोटांनीच तोडीन म्हणतेय. तुम्हाला पाणी तोडणं जमेल का?

पाडव्याला कडुलिंब खा. तुम्हाला त्याची गरज नाही, तरी खा.

तुमची,
कौशल्या

*

पुणे, ९ एप्रिल

वहिनी,

जमेल का ते मला माहीत नाही. जमेल असं मी लिहिलं तर ते ‘छान’ म्हटल्यासारखं होईल.

कडुलिंब खाल्ला. कडू होता.

मागच्या बाजूला कुंपणापलीकडे ते तात्याराव राहायला आलेत, अमेरिकेतल्या मुलाचा बंगला राखायला. गृहस्थाने सहा महिन्यांत एका झाडाला पाणी घातलेलं नाही. मी स्वतः त्यांना सुनावलं होतं की झाडं सांभाळता येत नसतील तर फरशी घाला. त्यांच्या कुंपणाला एक मोगरा आहे, कोणी लावला देव जाणे. मला वाटलं होतं तो कधीच मेला.

परवापासून तो फुललाय. पानं जवळजवळ नाहीतच, नुसतं पांढरं. तात्यारावांना त्याचा पत्ताही नाही, ते टीव्हीपुढे असतात. संध्याकाळी वारा आपल्याकडे असतो. सात वाजता वास सुरू होतो, आधी थोडा, मग सगळ्या घरात. तुमच्या खोलीतही. मी तुमच्या खोलीची खिडकी लावून घेतली, माझी लावली, पडदे ओढले. अर्ध्या तासात इतकं उकडायला लागलं की श्वास घेववेना.

शेवटी उघडल्या. काय करणार?

तनुजा